बकरी कुणाची?

वाटेत परकी खांड दिसली की आमचा आजा आधी एकच विचारायचा, "बकरी कुणाची?" माण तालुक्यातले आम्ही धनगर मेंढरांना बकरीच म्हणतो. या प्रश्नाला नुसतं एक नाव सांगून भागत नसे. राखणारा एक असायचा, त्यात अर्धलीनं घातलेली चार-दोन डोकी दुसऱ्याची असायची, आणि येणाऱ्या लोकरीवर उचल देऊन बसलेला तिसराच कुणीतरी असायचा. तिसऱ्याचं नाव निघालं की आजा काठी जमिनीवर टेकवून म्हणायचा, "म्हंजे त्याचीच की."

पुढे मी एका बँकेत चौतीस वर्षं कर्जाची प्रकरणं पाहिली. आजाचा प्रश्नच सरकारी भाषेत विचारून पोट भरलं, तारण काय आणि कुणाच्या नावावर? निवृत्त झाल्यावर तीन महिने मुलीकडे सिडनीला राहिलो. ती सकाळी कामाला गेली की मी मॅक्वारी स्ट्रीटवरच्या मिचेल लायब्ररीत जाऊन बसायचो. ज्याच्या नावाचा हा रस्ता, तो लॅकलन मॅक्वारी इथला गव्हर्नर होण्याआधी मुंबईत फौजेत होता आणि १७९३ साली त्यानं लग्नही मुंबईतच केलं होतं, एवढं वाचून मला त्या जागेबद्दल थोडी आपुलकी वाटली होती. तिथे जुने कागद चाळता चाळता १८३७ सालच्या एका प्रकरणात शब्द भेटला : धनगर.

जॉन मॅके नावाचा माणूस. बंगालात निळीच्या धंद्यात मुरलेला. त्यानं कलकत्त्याहून ४२ धनगर जहाजात घालून सिडनीला आणले होते. मेंढरांच्या रानात कामाला माणूस मिळेना, तेव्हा त्यानं हा उपाय काढला. माझे तर हातच थबकले. समुद्र ओलांडायला आमच्यातलं कोण गेलं असेल? पण दोन-तीन दिवस आणखी वाचल्यावर उलगडा झाला. हे लोक छोटा नागपूरच्या डोंगरातले, बहुतेक उरांव. निळीच्या मळ्यात मजुरीला उतरणाऱ्या या माणसांना बंगालातले गोरे 'धनगर' म्हणत. त्यांचा आणि मेंढरांचा पिढीजात संबंध काही नव्हता. शब्द तोच, माणसं दुसरी.

माझा हिरमोड झाला, पण उत्सुकता सरली नाही. पृथ्वीच्या या टोकाला मेंढरामागं चालायला माणूस कलकत्त्याहून आणावा लागतो, असा हा धंदा होता तरी कसा? मग मी तो आजाच्या पद्धतीनं वाचायला घेतला.

इंग्रजांनी जानेवारी १७८८ मध्ये इथे कैद्यांची वसाहत टाकली. मे महिन्यात जनावरं मोजली तर मेंढरं भरली २९. तीही मटणासाठी. लोकरीचा विचार कुणाच्या मनात नव्हता. भूक भागवायला एक बाजार म्हणजे कलकत्ता. तिथून धान्य आलं, दारू आली, मेंढरंही आली. जॉन मॅकार्थर या भांडकुदळ लष्करी अधिकाऱ्यानं १७९४ च्या सुमारास ६० बंगाली मेंढ्या घेतल्या. त्यांच्या अंगावर लोकर कमी आणि केस जास्त. त्यांच्यात त्यानं आयर्लंडहून आलेल्या जहाजावरचा एक तरुण मेंढा सोडला. पुढच्या कोकरांच्या केसांत लोकर दिसू लागली. आमच्या वाड्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्यानं ही गोष्ट मान डोलावून ऐकली असती. जावळ हाताला कसं लागतं, यावरून नर ठेवायचा की विकायचा हे आमच्याकडेही ठरतं.

आमच्या दख्खनी मेंढीची लोकर वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलो, काळी आणि खरबरीत. घोंगडी तिचीच व्हावी. पावसात वरून निथळते आणि आतला माणूस कोरडा राहतो. पण तिचा तलम कपडा व्हायचा नाही. तलम कापडाची मेंढी स्पेनची, मेरिनो. ती इथे आली त्यामागं एक दुःखद कथा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला असलेल्या केपमधला डच कर्नल गॉर्डन याच्याकडे स्पॅनिश मेंढरं होती. १७९५ साली इंग्रजांनी केप घेतलं आणि त्यानं स्वतःला गोळी घालून घेतली. १७९७ मध्ये त्याच्या विधवेनं मेंढरं विकायला काढली, आणि केपला गेलेल्या सिडनीच्या जहाजांवरच्या कप्तानांनी ती उचलली. वाटेत काही मेली. उरलेल्यांतली काही मॅकार्थरकडे गेली, काही सॅम्युअल मार्सडन या पाद्र्याकडे.

मॅकार्थरचं नशीब असं की तो संकटात सापडला की त्याचं भलं व्हायचं. १८०१ साली त्यानं द्वंद्वयुद्धात आपल्याच कर्नलला जखमी केलं. गव्हर्नरनं चौकशीसाठी त्याला विलायतेला धाडलं. तिथे त्यानं आपल्या लोकरीची अशी काही जाहिरात केली, की १८०५ मध्ये परतताना त्याच्याबरोबर राजाच्या कळपातली मेरिनो मेंढरं होती आणि ५,००० एकर जमीन देण्याचा मंत्र्याचा हुकूम खिशात होता. जमीन ज्या धरावल लोकांची होती, त्यांना कुणी विचारलं नाही. गव्हर्नरविरुद्धच्या १८०८ च्या बंडात हात असल्यामुळे तो पुन्हा विलायतेत अडकला आणि १८१७ पर्यंत त्याला परतता आलं नाही. या सगळ्या वर्षांत मेंढरं कुणी सांभाळली? त्याची बायको एलिझाबेथ हिनं. नर निवडणं, कातरणी, माणसांचा शिधा, लोकर जहाजावर चढवणं, सगळा कारभार तिचा. पुस्तकांत मात्र 'लोकरीच्या धंद्याचा जनक' म्हणून नाव त्याचं. आमची आजी असती तर ती नुसती नाकानं हुंकारली असती.

१८२१ साली लंडनमधल्या गॅरवेच्या कॉफीघरात लिलावाला मॅकार्थरच्या लोकरीची एक गाठ पौंडाला १० शिलिंग ४ पेन्सनं गेली. हा भाव पुन्हा कुणाला सहजी मिळाला नाही, पण त्या एका आकड्यानं अनेकांची डोकी फिरली. धंद्याचं गणित मात्र त्या आकड्यावर उभं नव्हतं. सिडनीहून लंडनला जहाज चार-पाच महिने घेई. एवढ्या लांबून गहू पाठवला तर भाडंच गव्हाला खाऊन टाकणार. मटण कुजणार. लोकर हलकी, महाग, न कुजणारी आणि गाठीत दाबून बसणारी. बारा हजार मैलांचं भाडं सोसून हातात काही उरेल, असा माल त्या वसाहतीत फार थोडा होता. कातरणीआधी मेंढरं ओढ्यात धुवायची, ती आपल्यासारखी. पण तिथे धुण्यात आणखी एक हिशेब होता. लोकरीतला चिकटा आणि माती गेली की वजन उतरतं, आणि भाडं वजनावर.

१८३० मध्ये इंग्लंडात ऑस्ट्रेलियाची लोकर गेली सुमारे २० लाख पौंड वजनाची. जर्मनीची त्याच वर्षी २ कोटी ६० लाखांवर होती. १८५० मध्ये ऑस्ट्रेलियाची ३ कोटी ९० लाख झाली आणि जर्मनीची ९० लाखांच्या आसपास उतरली. वीस वर्षांत ही उलथापालथ. शाखेत असा ताळेबंद घेऊन कुणी आला असता तर मी त्याला चहा पाजला असता आणि मग विचारलं असतं, रान कुणाचं?

आमच्यात हा हिशेब स्वच्छ आहे. बकरी आमची, रान कुणब्याचं. त्याच्या शेतात बकरी बसवायची, लेंडीमुताचं खत द्यायचं, त्यानं धान्य द्यायचं. उभ्या पिकात बकरी शिरली तर भांडण होतं, कधी कुऱ्हाडीही निघतात, पण रान कुणाचं यात कुणाला शंका नसते.

सिडनीच्या पाठीमागं निळा डोंगर आहे, ब्लू माउंटन्स. १८१३ मध्ये तिघे गोरे तो ओलांडून गेले आणि पलीकडे गवताचा समुद्र दिसला. दोन वर्षांत रस्ता झाला, बॅथर्स्ट वसलं, मेंढरं उतरली. ते गवत विरादजुरी लोकांचं होतं. पाणवठे मेंढरांनी तुडवले, शिकार पळाली, मग विरादजुरींनी मेंढरं मारली, मेंढपाळ मारले आणि गोऱ्यांनी त्यांना मारलं. १८२४ साली गव्हर्नरनं बॅथर्स्ट भागात लष्करी कायदा पुकारला. विरादजुरींचा पुढारी विंड्रडाइन याच्या डोक्यावर बक्षीस लागलं. चार महिन्यांनी कायदा उठला तेव्हा रान कुणाचं हा प्रश्न कागदावर तरी मिटला होता.

१८२९ मध्ये सरकारनं १९ परगण्यांची हद्द आखली. त्यापलीकडे कुणी वस्ती करायची नाही. पण मेंढराला हद्द वाचता येत नाही आणि मालकाला वाचायची नव्हती. सरकार हताश होऊन १८३६ पासून वर्षाला १० पौंडांचा परवाना देऊ लागलं. दहा पौंड भरा आणि हवं तेवढं रान चारा. या लोकांना स्क्वॉटर म्हणत, म्हणजे बेकायदा बसलेले. पुढे तेच त्या देशातले सरदार झाले. १० जून १८३८ रोजी मायल क्रीकच्या मेंढवाड्यावर बारा जणांनी २८ विरायराय माणसांना, बहुतेक बायकापोरांना आणि म्हाताऱ्यांना, दोरानं बांधून नेलं आणि कापून काढलं. त्या गुन्ह्यासाठी सात जण फासावर गेले. गोऱ्यांना अशी शिक्षा होणं त्या वसाहतीत इतकं नवीन होतं, की सिडनीतल्या वर्तमानपत्रांत त्यावर आरडाओरडा झाला. त्या वर्षीच्या खर्चाच्या खात्यात परवान्याचे दहा पौंडच लिहिलेले असणार.

रानाचं असं झालं. आता लोकरीकडे येतो, कारण माझ्या धंद्याचा भाग इथे सुरू होतो.

कातरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. गाठी बांधून बैलगाड्यांवर चढवायच्या. यासच्या रानातून सिडनी जवळजवळ तीनशे किलोमीटर. नद्यांना पूल नाहीत. गाडी रुतली की आठवडा गेला. मग धक्का, मग जहाज, मग लंडनचा लिलाव, आणि तिथून हिशेबाचं पत्र पुन्हा चार-पाच महिन्यांनी. मेंढराच्या अंगावरून उतरलेल्या लोकरीचा पैसा हातात यायला वर्ष उलटून जायचं. तोवर पुढची कातरणी दाराशी. मधल्या काळात पीठ, साखर, चहा, कातऱ्या, गोणपाट, मजुरी, सगळं कुठून आणायचं?

सिडनीच्या व्यापाऱ्याकडून. तो लोकर ताब्यात घेई, तिच्यावर उचल देई, त्याच उचलीत आपल्याच दुकानातला माल चढ्या दरानं खात्यावर मांडी आणि वर व्याज लावी. मी हे वाचलं तेव्हा हसू आलं. आमच्या आजाच्या घोंगड्यांचा अडत्या हेच करायचा. दिवाळीला दिलेल्या ज्वारीची किंमत शिमग्याला लोकरीच्या भावातून कापायचा. समुद्रातलं अंतर सोडलं तर खात्याची पानं सारखी.

या व्यापाऱ्यांतला जुना, रॉबर्ट कॅम्बेल. कलकत्त्याच्या पेढीतून १७९८ मध्ये आला आणि सिडनीच्या बंदरात धक्का नि वखारी बांधून बसला. १८०६ मध्ये पुरानं इथलं धान्य वाहून गेल्यावर त्याचं 'सिडनी' नावाचं जहाज सरकारनं बंगालहून धान्य आणायला भाड्यानं घेतलं, आणि ते न्यू गिनीजवळ फुटलं. भरपाईचा वाद वर्षानुवर्षं चालला. अखेर १८२५ च्या सुमारास सरकारनं त्याला मेंढरं आणि ४,००० एकर जमीन दिली. त्या रानात आज ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा आहे. कॅम्बेलच्या नावाच्या वखारींत आता हॉटेलं आहेत. मुलीनं मला तिथे जेवायला नेलं. दगडी भिंतीवर हात फिरवताना मी तिला म्हटलं, "ही भिंत व्याजाची." ती म्हणाली, "बाबा, निदान आज तरी."

१८४० नंतर हे सगळं कोसळलं. लंडनात लोकरीचा भाव उतरला, विलायती पैसा आटला, वर दुष्काळ. काही वर्षांपूर्वी पौंडात विकलेली मेंढी पेन्सांत मागू लागले. १८४३ च्या मार्चमध्ये बँक ऑफ ऑस्ट्रेलिया बुडाली. तिची मालमत्ता पुढे १८४९ मध्ये चक्क लॉटरी काढून वाटली गेली. वसुलीचा हा मार्ग आमच्या कुठल्याही परिपत्रकात मी पाहिला नाही. यासच्या हेन्री ओब्रायननं मेंढरं मोठ्या कढयांत उकळून चरबी काढायला सुरुवात केली. मेणबत्त्या आणि साबणासाठी चरबीला लंडनात भाव होता. कळपच्या कळप कढईत गेले. पण त्यामुळे मेंढीला काही शिलिंगांचा तरी तळ मिळाला आणि धंदा वाचला. पोटच्या पोरासारखी वाढवलेली बकरी दुष्काळात कसायाला देताना आजाचं तोंड कसं व्हायचं ते मी पाहिलंय. हा उपाय हुशारीचा होता हे मला कळतं, पण तो वाचताना घास उतरेना.

त्याच १८४३ साली विल्यम वेंटवर्थनं विधान परिषदेत एक कायदा करून घेतला. मला विचाराल तर मेरिनो मेंढ्याइतकाच तो महत्त्वाचा. अजून कातरायची आहे अशी, मेंढराच्या पाठीवर वाढत असलेली लोकर तारण ठेवून कर्ज काढता येईल, आणि मेंढरं कर्जदाराच्याच ताब्यात राहतील, असं त्यानं ठरवलं. इंग्रजी कायद्याला हे पचणारं नव्हतं. वस्तू दिसत नाही, हाताशी नाही, मग तिच्यावर बोजा कसला? लंडनच्या वसाहत खात्यानं नाक मुरडलं, पण अडचण पाहून चालू दिलं. उभ्या पिकावर पीककर्ज देण्यात माझी हयात गेली, तेव्हा मला त्यातली सोय कळते आणि फासही कळतो. सोय ही की रान परवान्याचं, म्हणजे गहाण ठेवण्याजोगं नाही, अशा माणसालाही कर्ज मिळालं. फास हा की मेंढरू सकाळी चरायला निघतं तेव्हा त्याच्या पाठीवरची लोकर आधीच सिडनीत लिहून दिलेली असते.

आणि त्याच वर्षी थॉमस मॉर्टनं सिडनीत नियमित लोकरीचे लिलाव सुरू केले. लँकेशायरमधून आलेला हा कारकून. तोवर उचल देणाराच भाव ठरवी. आता चार घेणारे एका छताखाली आले, गाठ फोडून लोकर हातात घेऊ लागले, आणि विकणाऱ्याला इथेच रोख भाव कळू लागला. आपल्या कृषी उत्पन्न बाजार समितीचं म्हणायचं तर हे बीज. अर्थात मॉर्टनंही पुढे लोकरवाल्यांना कर्जं दिली. आडत आणि उचल यांना फार काळ वेगळं ठेवता येत नाही. मॅक्वारी प्लेसमध्ये त्याचा पुतळा आहे. मी त्याच्या पायथ्याशी बसून डब्यातली भाकरी खाल्ली.

राखणाऱ्याचा पुतळा मला शहरात कुठे दिसला नाही. तारेची कुंपणं येण्याआधी प्रत्येक खांडीमागं एक माणूस लागे. दोन राखणारे आणि एक झोपडीवाला, असा तिघांचा संसार. रात्री मेंढरं लाकडी ताट्यांच्या कोंडवाड्यात. आमच्याकडे वाघर ठोकतात, सुतळीचं जाळं. झोपडीवाल्यानं ताट्या रोज सरकवायच्या आणि रात्री डिंगो कुत्र्यांवर नजर ठेवायची. आठवड्याचा शिधा ठरलेला : १० पौंड पीठ, १० पौंड मटण, २ पौंड साखर, पाव पौंड चहा. महिनोन्‌महिने चौथ्याशी बोलणं नाही. सुरुवातीला ही माणसं म्हणजे कैदी, सरकारनं फुकट नेमून दिलेले. १८४० मध्ये या वसाहतीत कैदी आणणं थांबलं. ते थांबणार हे आधीच दिसत होतं, म्हणूनच मॅकेला कलकत्ता आठवलं.

ते ४२ जण काय बोलत असतील, थंडीत अंगावर काय घेत असतील, हे त्या कागदांत नाही. कागदांत आहे ते स्वस्ताईचं गणित. लंडनमधल्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही, कारण गुलामी नुकतीच उठवली होती आणि हे तिचंच सावत्र भावंड दिसत होतं. हिंदुस्थान सरकारनंही १८३९ मध्ये मजूर बाहेर नेण्यावर बंदी घातली. १८५१ मध्ये सोनं सापडलं आणि गोरे राखणारेही काठ्या टाकून खाणींकडे पळाले. मग तार आली. तारेला शिधा लागत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी माणला चुलतभावाला, नानाला, फोन केला. तो अजून बकरी राखतो. त्याला ४२ धनगरांची गोष्ट सांगितली.

"आपलीच का माणसं?"

"न्हाई. नाव तेवढं सारखं."

पलीकडे थोडा वेळ नुसत्या घाट्या वाजत राहिल्या. मग त्यानं विचारलं, "अन् बकरी कुणाची?"

मी सांगितलं. रान तिथल्या जुन्या लोकांचं, परवाना स्क्वॉटरचा, पाठीवरची लोकर सिडनीच्या पेढीची.

"अन् राखणाऱ्याचं काय?"

"आठवड्याला दहा पौंड पीठ, दहा पौंड मटण."

"मटण तरी व्हतं," नाना हसला.

मी विचारलं, यंदा लोकर किती निघाली?

"कातरली अन् बांधाला टाकली. नेतंय कोण?"